मुलगा चांगला आहे, पण

परभणीत तिकीट काढून हसायला जायची माझी ती पहिलीच वेळ. तशी हसायची सवय आम्हाला आहे. सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनात महाराज सासू-सुनेची नक्कल करायचे तेव्हा हसलो, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मिमिक्रीवाला नाना पाटेकर काढायचा तेव्हा हसलो, गॅदरिंगमध्ये हेडसरांचं चालणं कुणी करून दाखवलं की लोळायचोच. पण हे सगळं फुकट होतं. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीत मी सरपंचाला फोन करून सांगितलं, 'परभणीला स्टँडअपचा शो आहे, चारशेचं तिकीट आहे, दोन काढलीत', तेव्हा तो आधी गप्पच बसला.

"चारशे? म्हणजे दहा किलो सोयाबीन की रे लेका."

सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि आडतीवर बोली चार हजारांच्या आसपास थांबत होती. "हमीभावानं धरलं तर आठच किलो," तो पुढं म्हणाला. "पण हमीभाव बी जोकच हाय. चल, येतो."

सरपंच हे त्याचं नाव नाही, आणि तो कधी निवडणुकीलाही उभा राहिलेला नाही. आठवीत असताना शाळेच्या मुतारीला दार नव्हतं. त्यानं वहीचं पान फाडून 'मा. मुख्याध्यापक साहेब यांसी' असा अर्ज लिहिला, आम्हा तीस जणांच्या सह्या घेतल्या आणि नेऊन दिला. दार काही बसलं नाही, नाव मात्र बसलं. दहावीनंतर मी नांदेडला इंजिनिअरिंगपर्यंत जाऊन पोचलो आणि तिथून पुण्यात हिंजवडीला. त्यानं परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं, दोन वर्षं पुण्यात एमपीएससीचा अभ्यास केला, आणि वडिलांच्या कमरेचं दुखणं वाढल्यावर गावी परतला. मानवत तालुक्यात साडेसात एकर रान, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाळी आली तर पाणी, दोन म्हशी, एक स्प्लेंडर.

माझ्या ओळखीत त्याच्याइतका विनोदी माणूस नाही. संध्याकाळी कालव्याच्या पुलावर बसून तो बँकेचा मॅनेजर करतो, पीकविम्याच्या टोल फ्री नंबरवरची बाई करतो, आणि त्या बाईशी बोलणारे त्याचे स्वतःचे आण्णा करतो. टायमिंग म्हणजे काय हे मला त्याच्यामुळे कळलं. हसू यायच्या जागेच्या आधी तो नेमका तंबाखू मळायला थांबतो.

*

शो एका मंगल कार्यालयात होता. तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं, त्यामुळे लग्नाच्या तारखा सुरू झाल्या नव्हत्या आणि एसी हॉल रिकामा होता. स्टेजवरचा नवरा-नवरीचा सोफा बाजूला सरकवून तिथं एक उंच स्टूल आणि माइकचा स्टँड ठेवला होता. मागं प्लास्टिकच्या फुलांची कमान तशीच होती. पांढरी कव्हरं घातलेल्या दोनेकशे खुर्च्या. पुढच्या रांगेत डॉक्टर मंडळी सहकुटुंब, मागं विद्यापीठाच्या हॉस्टेलची पोरं, मधे कोचिंग क्लासच्या मुली. सरपंच सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. मी म्हटलं, पुढं बसू नको, ते लोक पुढच्यांनाच पकडतात. तो म्हणाला, "मग मागं बसून काय करूलालास? पैसे दिलेत ना?"

कॉमेडियन आमच्याच वयाचा. मूळचा मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावचा, आठेक वर्षं पुण्यात. मी त्याला पुण्यात दोनदा ऐकलं होतं. सुरुवात त्यानं 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'नं केली. परभणीत माइक हातात घेणारा प्रत्येक पाहुणा ही म्हण ऐकवतो, मग तो मंत्री असो की मोटिव्हेशनल स्पीकर, आणि आम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवतो. त्या दिवशीही वाजवल्या.

पुढच्या पाच मिनिटांत मात्र एक गंमत झाली. पुण्यात तो एक किस्सा सांगतो. त्याची आई त्याला फोनवर विचारते, 'काय करूलालास रं?' पुण्याच्या हॉलमध्ये एवढ्यावरच हशा पिकतो. मीही तिथं हसलो होतो, ऑफिसच्या लोकांसोबत, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्यानंच. इथं त्यानं तेच वाक्य टाकलं आणि हॉल शांत. लोक त्याच्याकडं बघत राहिले, की बरं, आईनं विचारलं काय करूलालास, मग पुढं काय झालं? इथल्या दोनशे जणांच्या आया तेच विचारतात, त्यात हसायचं काय? पोरगा हुशार होता. त्याच्या लक्षात आलं. त्यानं स्टुलावरची पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि तिथून पुढं सगळं आपल्या बोलीत चालवलं. मग कार्यक्रम रंगला.

पुण्यात ज्या शब्दावर लोक हसले होते, तो शब्द इथं नुसता शब्द होता. हिंजवडीत मी 'काय करतोयस' म्हणतो. ते कधी सुरू झालं, मला सांगता येणार नाही. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच झालं असावं.

आमची बोली स्टेजवर नवी नाही. औरंगाबादच्या प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' केलं. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी विमानात बसतं एवढीच गोष्ट, स्टेजवर एकटा माणूस आणि त्याच्यात बावन्न पात्रं. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. २००९ मध्ये ते गेले, आणि आता माजलगावचे संदीप पाठक तो प्रयोग करतात. आमच्या घरी त्याची कॅसेट होती. वडील ती लावायचे आणि प्रत्येक पात्राला आमच्या गावातलं एक नाव द्यायचे. त्याआधी शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला गावोगाव हिंडले होते. म्हणजे एका माणसानं उभं राहून शेदोनशे जणांना तास-दीड तास हसवणं हा प्रकार महाराष्ट्राला इंटरनेटनं शिकवलेला नाही. भाडिपा २०१६ मध्ये सुरू झालं आणि मराठी स्टँडअप मोबाइलवर आलं, तेव्हा माझ्या पुण्याच्या मित्रांना ते नवं वाटलं. मला ते कीर्तनासारखं वाटलं, फक्त अभंग काढून टाकलेलं.

एक फरक मात्र आहे. कीर्तनात महाराज समोरच्याला नाव विचारत नाहीत. स्टँडअपमध्ये विचारतात. त्याला क्राउड वर्क म्हणतात.

*

अर्धा तास झाल्यावर त्यानं लग्नाचा विषय काढला. मंगल कार्यालयात काढणारच. कमानीकडं हात करून म्हणाला, "इथं उभं राहायला मिळावं म्हणून मी हे करिअर निवडलं." मग त्यानं पुढच्या रांगांवरून नजर फिरवली आणि ती सरपंचावर थांबली.

"दादा, काय करता?"

"शेती."

"लग्न?"

"न्हाई."

मागच्या पोरांनी 'ओऽऽ' केलं. आमच्याकडं या दोन उत्तरांच्या मधे प्रश्न लागत नाही. ते हसू ओळखीचं होतं. गावागावांत तिशीकडं झुकलेली पोरं बसून आहेत, आणि घरात किती एकर आहे याला आता कुणी विचारत नाही.

यामागं एक साधी आकडेमोडही आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं ९१३ मुली होत्या. सरपंच आणि मी तेव्हा पाचेक वर्षांचे होतो, म्हणजे आम्ही त्याच मोजणीतले. २०११ मध्ये तो आकडा ८९४ वर आला, म्हणजे आमच्या मागून येणाऱ्यांची रांग आणखी लांब. आणि ज्या मुली आहेत त्या शिकल्यात, आयांचे हात बघून शहाण्या झाल्यात. त्यांना नळाला पाणी हवं आहे आणि महिन्याच्या एक तारखेला पगार.

"किती मुली पाहिल्या?" कॉमेडियननं विचारलं.

"मी चौदा पाहिल्या," सरपंच म्हणाला. मग थांबला. तंबाखू मळायला जेवढं थांबतो तेवढाच. "मला किती जणींनी पाहिलं ते मोजलं न्हाई."

हॉल फुटला. कॉमेडियननं माइक खाली घेतला आणि मान हलवली. समोरचा माणूस आपल्या धंद्यातला आहे हे त्याला कळलं होतं. तो स्टेजच्या कडेला आला.

"आणि मुलीकडचे काय म्हणतात?"

"मुलगा चांगला आहे म्हणतात."

"मग?"

"मग 'पण' म्हणतात."

"पण काय?"

"पुढचं सांगत न्हाईत. 'पण' म्हणून चहा पितात."

डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. मीही हसत होतो. माझ्या मित्रानं दोन मिनिटांत शो खिशात घातला होता आणि मला अभिमान वाटत होता.

"एक स्थळ तर," सरपंच म्हणाला, आता त्याला कुणी विचारलंही नव्हतं, "जवळच्या दोस्ताच्या नात्यातलं होतं. म्हटलं आता जमलं. दोस्त हाय, शब्द टाकील."

"टाकला का?"

"टाकला की."

"मग?"

"'पण' टाकला."

त्या रात्रीचं सगळ्यात मोठं हसू ते होतं. मागची पोरं खुर्च्या वाजवायला लागली. माझं तोंड हसत होतं ते तसंच राहिलं, कारण ते मिटलं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

कॉमेडियन म्हणाला, "कुठंय तो दोस्त? नाव सांगा, आज इथंच हिशोब करू."

"त्यो पुण्यात हाय. कॉम्प्युटरवर."

"आणि हे शेजारी कोण?"

सरपंचानं माझ्याकडं बघितलं नाही. "ह्यानं तिकीट काढलंय," तो म्हणाला.

लोक पुन्हा हसले. कॉमेडियननं मला हात जोडले आणि तो पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांकडं वळला.

*

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. माझ्या मावशीच्या मुलीसाठी, मध्यस्थामार्फत, सरपंचाचा बायोडाटा आला. तो बघून मावशीनं मला पुण्याला फोन केला. "तुझ्या वर्गातला ना हा? कसा आहे मुलगा?"

मी म्हणालो, "मुलगा चांगला आहे."

मावशी थांबली. तिला पुढचं हवं होतं. मला अजूनही वाटतं, की त्या वेळी मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "पण शेतीचं काय खरं असतं मावशी, तुला माहीतच आहे."

तिला माहीत होतंच. तीस वर्षं पहाटे साडेचारला उठून शेणपाणी केलेली बाई ती. तिला पोरीसाठी दुसरं काही हवं होतं, आणि त्यात तिची काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही. मावसबहिणीला कुणी विचारलं का, तर नाही. मीही विचारलं नाही. मे २०२३ मध्ये तिचं लग्न झालं, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, वाकडला वन बीएचके आहे, पगाराचा मोठा भाग हप्त्यात जातो. बरं चाललंय. माझं बोलणं नसतं तरी सोयरीक झाली नसती, असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलं आहे. बहुतेक खरंही आहे ते.

सरपंचाला यातलं काही माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. त्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू पोरांनी नवरदेवाचे कपडे घालून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. आम्हाला बायको द्या, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, अशी त्यांची मागणी होती. व्हिडिओ सगळीकडं फिरत होता. मी तो सरपंचाला पाठवला, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं टाकली. त्यानंही तीच तीन तोंडं परत पाठवली.

*

शो संपल्यावर लोक त्याच्याभोवती जमले. हॉस्टेलच्या पोरांनी सेल्फी काढले. कॉमेडियन स्वतः खाली आला आणि म्हणाला, दादा, 'चहा पितात' हे मी वापरू का? सरपंच म्हणाला, वापरा की, माझ्याकडं ढीग पडलाय.

बाहेर स्टेशनरोडला आम्ही चहा घेतला आणि स्प्लेंडरवर निघालो. तीस-पस्तीस किलोमीटर. नोव्हेंबरची नुकतीच पडायला लागलेली थंडी, रस्त्याच्या कडेला उमेदवारांचे बॅनर, शेतात कुठं कुठं सोयाबीनचं बुस्कट पेटवलेलं. मी मागं बसलो होतो. समोरासमोर बसून मला विचारता आलं नसतं.

"कधीपासून माहीतंय?"

"काय?"

"तुला माहीतंय काय ते."

त्यानं एक ट्रक पुढं जाऊ दिला. "मध्यस्थानं त्याच दिवशी सांगितलं. त्याच्या पोटात काय राहतंय?"

"चिडला नाहीस?"

"चिडलो की. आठ दिवस."

"मग?"

"मग हरभरा पेरायचा होता."

बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. मी म्हणालो, चुकलंच माझं. तो काही बोलला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "ऐकलंय." आणि थोड्या वेळानं, "आमच्या ताईला आण्णांनी शेतकऱ्याला दिलं का? तीन स्थळं आली होती शेतीवाली, चांगली. नांदेडच्या नोकरीवाल्याला दिली. मी बी व्हय म्हटलो." ताईचं लग्न मी विसरलो होतो. त्या लग्नात मी पंगतीला वाढत होतो.

"मग हे आज दोनशे लोकांत कशाला काढलंस?"

"तू मागं बस म्हणत होतास ना," तो म्हणाला. "मी पुढं बसलो."

हे उत्तर आहे की नाही, मला कळलं नाही. तो हसत होता की नाही, तेही मागून दिसत नव्हतं. पुलावर त्यानं गाडी उभी केली, खाली कालव्यात पाणी नव्हतं. आम्ही दहा मिनिटं बसलो. त्यानं कॉमेडियनची नक्कल करून दाखवली, बाटली उचलून घोट घेण्याची. हुबेहूब.

नंतर मी त्या रात्रीचा विचार खूप केला. गमतीत सांगितलं की राग गेला असं लोक म्हणतात. सरपंचाचा राग गेला नव्हता, तो नीट वाळवून, निवडून, पोत्यात भरून ठेवलेला होता, आणि दोन वर्षांनी त्याला भाव मिळाला तेव्हा त्यानं तो काढला. मला उघडं पाडणं त्याच्या हातात होतं, एका बोटाचं काम होतं. ते त्यानं केलं नाही. पण ऐकायला मात्र मला लावलं, आणि तेही मीच काढलेल्या तिकिटावर.

*

फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला. 'एक स्थळ हाय, सेलूकडचं. पोरीच्या वडलाला तुझा नंबर दिलाय. चौकशीला फोन करतील.' खाली काही तोंडं वगैरे नव्हती. मी लिहिलं, माझाच नंबर का? त्यानं लिहिलं, 'तू ओळखतोस म्हणून.'

फोन चार दिवसांनी आला, मी स्टँडअपमध्ये असताना. आमच्या कंपनीत सकाळच्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगला तेच नाव आहे, तिथं कुणी हसत नाही. मी माइक म्यूट करून बाल्कनीत गेलो.

"तुम्ही वर्गमित्र ना? मुलगा कसा आहे?"

"मुलगा चांगला आहे," मी म्हणालो.

आणि थांबलो. पलीकडचे गृहस्थही थांबले. ते पुढच्या शब्दाची वाट बघत होते हे मला इथं पुण्यात ऐकू येत होतं. ती शांतता फार तर तीन सेकंदांची असेल.

मग मी जे माहीत होतं ते सांगितलं. साडेसात एकर आहे, कालव्याचं पाणी दरवर्षी येईलच असं नाही, विहीर आहे. सोसायटीचं कर्ज आहे, थकलेलं नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत दोन एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं होतं. आई-वडील सोबत असतात, वडिलांना कमरेचा त्रास आहे. म्हशी दोन, धार तो स्वतः काढतो. व्यसन म्हणाल तर तंबाखू आहे. शब्दाचा पक्का आहे. आणि मुलीला शिकायचं असेल, नोकरी करायची असेल तर तो आडवा येणार नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो, पण तिनं हे त्याला स्वतः विचारावं.

'पण' आलाच शेवटी, वेगळ्या जागी आला.

गृहस्थांनी ऐकून घेतलं. पगाराचं विचारलं, म्हणजे माझ्या. माझं लग्न झालं का तेही विचारलं. मी नाही म्हणालो. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, बरं, घरी बोलून कळवतो.